दोनशे एकावी बंडी

आमच्या घरात गेरूचा एक डबा होता. मूळचा वनस्पती तुपाचा, कडी तुटली म्हणून तार ओवलेला. दिवाळी झाली, पराटीची, म्हणजे कपाशीची, बोंडं फुटली की बाबा त्यात गेरू कालवायचे, वरून बाभळीचा डिंक टाकायचे आणि भिजू द्यायचे. डिंकामुळे गेरू लाकडाला असा धरायचा की दहिवरानं जायचा नाही आणि पाण्यानंही जायचा नाही. मग तो डबा आणि कडुनिंबाच्या काडीचा कुंचला घेऊन बाबा सायकलवर कापूस खरेदीच्या केंद्रावर जायचे. कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, आली की तिच्या मागच्या फळीवर आकडा टाकायचा, एवढंच त्यांचं काम. पगार रोजंदारीचा, मान मात्र पर्मनंट. आर्णीच्या आजूबाजूच्या कोणत्याही खेड्यात जा, गोठ्यापुढे सोडलेल्या बंडीवर फिकट लाल आकडे दिसायचे. सत्तेचाळीस. नऊ. एकशे बारा. दुसऱ्या पोरांच्या बापाचं अक्षर चिठ्ठीत सापडतं, माझ्या बापाचं पंचक्रोशीभर उन्हात उभं असायचं.

त्या आकड्याला वजन होतं. माझे आजोबा ज्या पाटलांच्या दारापुढून चपला हातात घेऊन जात, त्याच पाटलांचा नातू दिगांबर पाटील माझ्या बापानं टाकलेल्या आकड्याप्रमाणे गुमान उभा राहायचा. पुढे बंजारा तांड्यावरची बंडी असली तर तिच्या मागे. कोणी मध्ये घुसायला पाहिलं तर लोकच म्हणायचे, "सुखदेवभाऊचा आकडा पाह्य पहिले, मंग बैल हाक." या सगळ्याचा अर्थ मला तेव्हा कळत नव्हता. मला आपली लाज वाटायची. बापाच्या नखांत बारा महिने गेरू, आणि वर्गातली पोट्टी विचारायची, "तुहा बाप पोळ्याचे बैल रंगवते काय बे?"

घर आमचं विहाराच्या मागच्या गल्लीत, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या भिंतीला लागून. हंगामात जिनाची घरघर दिवसभर भांड्यांतून वाजायची. मांडणीवरचे पेले एकमेकांना खेटून किणकिणायचे, आणि जिन मध्येच बंद पडला की त्या शांततेनं माय दचकायची. रुईचे तंतू हवेतून येऊन वरणावर बसायचे. माय फुंकर मारून ते कडेला लावायची आणि वाढायची. आंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि वर रुई, असं आमचं चौरस जेवण. आता पुण्यात माझी मुलगी ताटात केस सापडला तर जेवण सोडून उठते. माझ्या पोटात एक तक्क्या भरेल एवढी रुई गेली असेल.

बारावीला मी दोनदा आपटलो. तिसऱ्यांदा आपटण्यापेक्षा यवतमाळला एसटीनं जाऊन-येऊन कंप्युटरचा कोर्स करावा, असं ठरलं. ठरवलं मीच, पण ठरलं असं म्हटलं की घरातल्या सगळ्यांचा हात लागल्यासारखा वाटतो. त्या कोर्समध्ये खिडक्या बनवायचं एक आयतं सामान शिकवायचे. बटण माऊसनं ओढून आणायचं, खिडकीवर ठेवायचं, त्याच्या मागे दोन ओळी लिहायच्या, की बटण दाबल्यावर काम होतं. मला त्याचं खूळ लागलं, आणि त्यातही डायलॉग बॉक्सचं. एक छोटी खिडकी मध्येच उगवते, प्रश्न विचारते, खाली दोन बटणं असतात, आणि तुम्ही उत्तर देईपर्यंत मागचं सगळं मुकं होऊन बसतं. घरात ज्याला भाजी कोणती करू हेसुद्धा कोणी विचारत नाही, अशा पोराला याहून जास्त काय पाहिजे? माझ्या परवानगीशिवाय पडद्यावरचं पान हलत नव्हतं.

त्याच हंगामात केंद्रावर वरून एक कंप्युटर आला. प्रिंटर मागून येणार होता. तो अजून येतोच आहे. केंद्राच्या साहेबांनी पेटीवर प्लास्टिक टाकून दिलं होतं. मी बापाच्या ओळखीनं जाऊन साहेबांना म्हटलं, रांगेचा प्रोग्रॅम मी करून देतो. पंधरा दिवसांत केलाही. नाव टाकायचं, गाव टाकायचं, नंबर आपोआप पडायचा. पण एवढ्यावर थांबलो तर तो मी कसला? एकेका बंडीला मी चार-चार डायलॉग बॉक्स लावले. नाव बरोबर आहे का? गाव बरोबर आहे का? नोंदवू का? आणि शेवटी, नोंदवलं बरं का. लग्नात नवऱ्या मुलाचा मामा जसा प्रत्येक पाहुण्याला चार-चार वेळा "जेवले का" विचारतो, तसा माझा प्रोग्रॅम.

यात दोन गोष्टी मी केल्या नाहीत. हे प्रकरण मी त्या दोन गोष्टींसाठीच लिहितो आहे. पहिली गोष्ट, डायलॉग बॉक्स आयता मिळायचा तो फक्त इंग्रजीच बोलायचा. मराठी अक्षरांचा पाहिजे तर स्वतः खिडकी बनवावी लागे, आणि त्याला आणखी आठ दिवस लागले असते. बाबा सातवी पास. मी म्हटलं, वाचायचं काय त्यात? दुसरी गोष्ट, त्या डायलॉग बॉक्सला सांगावं लागे की नुसतं एंटर दाबलं तर कोणतं बटण धरायचं, 'होय' की 'नाही'. नाही सांगितलं तर तो आपला 'होय' धरून चालतो. मी नाही सांगितलं. एक आकडा लिहायचा होता, तो लिहिला नाही.

बाबांना शिकवलं ते असं. खुर्चीच्या टोकावर बसून ते एका बोटानं अक्षरं शोधायचे, कोंबडीनं दाणे टिपावे तसे. खिडकी उगवली की थांबायचे.

"हे काय म्हनते, विलास?"

"काही नाही बाबा. इचारते."

"काय इचारते?"

"तुमाले कायले पाहिजे? काही बी इचारलं का एंटर दाबजा."

"वाचल्याबिगर हो म्हनू?"

"हो म्हनाचं. सारेच म्हनते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग एंटर दाबलं. चार दिवसांत त्यांचं बोट इतकं तयार झालं की खिडकी उगवायच्या आत बटण दबलेलं असायचं. मी मायला म्हटलं, आता गेरू-फेरू बंद, नंबर पेटीत आहे. मायनं डबा घेतला आणि उरलेल्या गेरूनं भिंतीच्या खालच्या अंगाला पट्टा ओढला. "पेटी बंद पडली तं?" असं तिनं विचारलं होतं. मी हसलो होतो. माझं ते हसू आठवलं की अजूनही दात पाडून घ्यावेसे वाटतात.

त्या वर्षी कापसाचं जे झालं ते मी काय सांगू. बाहेरच्या व्यापाऱ्यांनी हात आखडले आणि सारा कापूस केंद्राकडे वळला. रांग फाटकातून निघून डांबरी सडकेनं पुलाकडे सरकायला लागली. लोक बंडीखाली दिवसच्या दिवस काढायचे. बैलांचा कडबा संपला की बैल घरी पाठवून बंडी टेकणीवर उभी ठेवायचे. आणि रोज सकाळी माय भाकरी थापत असताना गल्लीतून कोणीतरी एखादी बातमी घेऊन जायचं. कोण गेला हे माय विचारायची नाही. "कोन्या गावचा?" एवढंच विचारायची. गाव कळलं की बाबांना चेहरा आठवायचा, चेहऱ्यासोबत बंडी आणि बंडीसोबत आकडा. मग ते भाकर तशीच ठेवून सायकल काढायचे.

तो दिवस माघातला. आभाळ सकाळपासून भरून आलं होतं. अशा आभाळासाठी बाबांची एक रीत होती. ढग दिसले की सगळी रांग आकड्याप्रमाणे आत घ्यायची आणि जिनाच्या रिकाम्या टिनाखाली बंड्या एकमेकींना खेटून उभ्या करायच्या. भिजलेला कापूस केंद्र घेत नसे, म्हणून ही रीत. दुपारी जेवणं झाल्यावर रांग आत घ्यायची, असं त्यांनी फाटकावरच्या लोकांना सांगून ठेवलं होतं. तेवढ्यात आणखी एक बंडी आली. तांड्यावरची शेवंताबाई, एकटी, बैलांच्या शेपट्या स्वतः पिळत आलेली म्हातारी. तिला सगळे याडी म्हणत, त्यांच्या बोलीत आई. बाबांनी तिचं नाव टाकलं, गाव टाकलं. मी टेबलावर पाय हालवत बसलो होतो आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात होतो.

यादीत दोनशेच नावं मावतील असं मी ठरवून ठेवलं होतं. दोनशेच्या वर रांग मी जन्मात पाहिली नव्हती. तरीही हुशारी म्हणून मी एक खिडकी करून ठेवली होती. यादी भरली, नवीन सुरू करायची का, आणि खाली बारीक अक्षरांत, जुनी पुसली जाईल. इंग्रजीत. बाकीच्या खिडक्यांसारखीच, त्याच जागी उगवणारी, तेवढीच. याडी दोनशे एकावी होती.

बाबांचं बोट खाली गेलं. टक.

पडदा पांढरा झाला. वर एकच नाव उरलं. एक नंबर, शेवंताबाई.

"विलास," बाबा हळू आवाजात म्हणाले, "बाकीचे कुठी गेले?"

मी प्रोग्रॅम बंद करून उघडला. पेटी बंद करून चालू केली. वायर काढून फुंकर मारून परत लावली. एक नंबर, शेवंताबाई. बॅकअप हा शब्द मला परीक्षेत चार मार्कांना आला होता, आणि मी चारपैकी चार मिळवले होते.

बातमी खिडकीतून बाहेर गेली ती आमच्याआधी फाटकावर पोचली. भाकरीच्या टोपल्या टाकून लोक धावत आले. सगळ्यात पुढे दिगांबर पाटील. त्यानं पडद्याकडे पाहिलं.

"तांड्यावरची बाई एक नंबर? आन् आमी चार रोजापासून सडकेवर झोपून राह्यलो ते? सुखदेवभाऊ, काय खाल्लं रे तिच्या घरचं?"

वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं बाबांना 'रे' म्हटलं. खोली भरली. कोणीतरी टेबल हलवलं, कोणीतरी माझ्या मागच्या काचेवर हात मारला. साहेब गर्दीतून आत आले आणि त्यांनी विचारलं, "कोणी केलं हे?"

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "माह्या बोटानं झालं, साहेब."

माझ्या तोंडात तुरीची शेंग होती. ती मी चावली नाही, गिळली नाही, थुंकलीही नाही. बोललोही नाही. माझ्या फजितीचे किस्से मी खूप सांगतो, लोक हसतात. हा किस्सा आजपर्यंत कोणाला सांगितला नाही.

साहेबांना प्रकरण मिटवायचं होतं. ते म्हणाले, कंप्युटरवर हिचा नंबर पहिला आहे तर हिला घ्या आत, मग बाकीचं पाहू. तेव्हा दारात उभी असलेली याडी पुढे आली.

"मले एक नंबर देऊन मारता काय, साहेब? हे लोक आजच माह्या बंडीचे चाकं काढतीन. मी आखरी हाओ, मले मालूम हाये. मी आखरीच राह्यतो." एवढं बोलून ती माझ्याकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच विचारत होती. "बेटा, माह्यं नाव तं हाये तुह्या पेटीत. या बाकीच्यायचे कुठी गेले?"

बाबा उठले. ते गर्दीतून वाट काढत सडकेवर गेले आणि फाटकापासच्या पहिल्या माणसाला त्यांनी विचारलं, "तुह्या मांगं कोन?" मग त्या मागच्याला, "तुह्या पुढं कोन? मांगं कोन?" त्याच्या मागच्याला पुन्हा तेच. पुढचा आणि मागचा दोघांचं जुळलं की बंडी आत. सगळी रांग पेटीतून पुसली गेली होती, पण प्रत्येकाला आपल्या पुढचा आणि मागचा माणूस माहीत होता. चार-चार दिवस एकमेकांची तंबाखू खाल्ली होती त्यांनी. मला बाबांनी घरी पिटाळलं. मायनं काही न विचारता डबा उचलला, भिंतीवरच्या पट्ट्याचा वाळका गेरू खुरप्यानं खरवडला आणि पाण्यात कालवला. डिंक टाकायला वेळ नव्हता.

पण माणसं हलेनात. फाटकाजवळचे आत गेले. मागचे म्हणाले, आमचा आकडा फळीवर दिसल्याशिवाय आम्ही जागा सोडत नाही. ही सडक म्हणजे आमचा नंबर. वीस वर्षं ही माणसं बाबांच्या शब्दावर आत गेली होती. आता फळीवरचा आकडा पाहून, पुढच्या-मागच्याची साक्ष काढून, मग बैल जुंपत होती. दोन ठिकाणी भांडण लागलं. एका ठिकाणी बाबांना धक्का बसून अर्धा डबा सांडला. मी त्यांच्या मागे पाण्याची बादली घेऊन पळत होतो आणि आभाळाकडे पाहायची मला हिंमत नव्हती.

एकशे चाळिसाव्या बंडीला पाऊस आला. माघातला पाऊस, मोठ्या थेंबांचा. ओल्या फळीवर गेरू धरेना. बाबा आकडा टाकायचे आणि तो लाल ओघळ होऊन चाकावर उतरायचा. तरी ते टाकत होते. दिगांबर पाटलाची बंडी एकशे साठच्या आसपास होती. तो बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं बाबांचा हात धरला. "ऱ्हाऊ दे सुखदेवभाऊ. माह्या पुढं वडगावचा म्हातारा हाये. तो गेला का मी जातो." त्यानंतर रांग आकड्याशिवाय आत गेली, एकामागे एक, भिजत. कोणी कोणाच्या पुढे गेलं नाही. बहुतेकांकडे ताडपत्री होती. सगळ्यांच्या शेवटी याडी आली. तिच्याकडे एक गोधडी होती. तीही गळत होती.

दुसऱ्या दिवशी केंद्रानं तिचा कापूस परत केला. बाबा तिची बंडी आमच्या दारात घेऊन आले. अंगणात, ओसरीवर, खाटेवर, विहाराच्या ओट्यावर, जिथं जागा सापडली तिथं आम्ही तो कापूस पसरला. चार दिवस तो उलटापालटा करत होतो. ओल्या कापसाला एक आंबूस वास येतो, तो भाकरीला लागला, पांघरुणाला लागला. मायनं याडीला जेवायला बसवलं की ती पानातला पहिला घास बाजूला ठेवायची आणि मग खायची. माझ्याशी ती नीट बोलायची आणि तेच मला सोसत नव्हतं. पिवळे डाग पडलेली बोंडं मी वेगळी करत बसायचो. ढीग पांढऱ्याचा लहान होत होता आणि पिवळ्याचा मोठा. याच चार दिवसांत साहेबांचा निरोप आला. उद्यापासून सुखदेवनं येऊ नये.

त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावलं, प्रोग्रॅम दुरुस्त करायला. बाबांना काढलं आणि मला बोलावलं. मी गेलो आणि प्रथमच खरं बोललो. चूक माझी होती, बाबांची नव्हती. साहेब फाइल चाळत म्हणाले, "माहीत आहे मला. पण कंप्युटर वरून आलाय. त्याची चूक वर कशी लिहू? माणसाची लिहिली."

घरी येऊन हेच मी बाबांना सांगितलं, याडीच्या देखत. शब्द जुळत नव्हते, तरी सांगितलं. बाबा कापूस पालथा करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तू तवा बोलला असता तं त्यायनं तुले तिथंच मारलं असतं. मले माराच्या आधी त्यायले वीस वर्साचा इचार करा लागला." हातातला कापूस झटकून म्हणाले, "पन बोलाले पाहिजे होतं."

याडीनं माझ्या हातातलं पिवळं बोंड घेतलं आणि पिवळ्या ढिगात टाकलं. तिचा पांढरा कापूस पुढे केंद्रानं घेतला. पिवळा तिनं परत नेला. गाद्या भरू म्हणाली. एका म्हातारीला किती गाद्या लागतात?

बाबा नंतर जिनात रुई लोटायला लागले. संध्याकाळी खोकत यायचे. केंद्रावर रांगेला दुसरा माणूस बसला, आणि हंगाम संपायच्या आत कोण कसं पुढे जातं याच्या गोष्टी गल्लीत यायला लागल्या. मी आठ दिवस घेतले, जे आधी घ्यायला पाहिजे होते, आणि खिडकी स्वतः बनवली. मराठी अक्षरं, मोठी. 'ही सगळी नावं पुसायची का?' खाली दोन बटणं, आणि एंटर दाबलं तर 'नाही'. ती तयार झाली त्या दिवशी बाबा जिनातून सुटून माझा जेवणाचा डबा द्यायला केंद्रावर आले. आत येईनात. दारातच उभे राहिले. मी हात धरून आणून खुर्चीवर बसवलं आणि खिडकी उघडून दाखवली.

त्यांनी पडद्याला बोट लावून एकेक शब्द मोठ्यानं वाचला. पुसायची का. होय. नाही.

"यात तिसरं बटन काहून नाही?"

"तिसरं कोनतं?"

"थांबा, इचारून येतो, असं."

मला हसू आलं. मग आलं नाही. तिथेच बसून मी तिसरं बटण घातलं, त्यांच्याच शब्दांत. बाबांनी गेरूच्या नखांनी माऊस धरला, दाणा टिपल्यासारखा तो हळूहळू त्या बटणावर नेला आणि दाबला. खिडकी मिटली, नावं जिथली तिथं राहिली. पण बाबा पडद्याकडे पाहत नव्हते. ते खुर्चीवरून उठले आणि बाहेर सडकेवर रांग उभी होती तिकडे, खरोखरच विचारायला, चालत गेले.